अक्काच्या बरणीतली माती

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिचीच नक्कल करत होते. घाटनांदूरला लेकीकडे गेले होते, तिच्या शेजारच्या चार बाया जमल्या होत्या, चहा झाला होता आणि मला गप्प बसवत नाही हे साऱ्यांना ठाऊक. पदर अक्कासारखा कपाळापर्यंत ओढून, समोरचा काचेचा ग्लास डोळ्यांजवळ धरून मी बारीक आवाजात म्हणत होते, "अजून न्हाई गं माय… अजून न्हाई उगवलं." बाया पोट धरून हसत होत्या. तेवढ्यात लेक मोबाइल घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनही माझा ग्लास खाली आला नाही, एवढी मी रंगात आले होते. पलीकडे मंदा, अक्काची सून. "काकू, आत्याबाई गेल्या. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकल्या, अन् तशाच…" मी पदर मागं सारला आणि बायांना सांगितलं की माझी थोरली जाऊ गेली. त्यांतली एक अजून हसतच होती, तिला वाटलं हाही नकलेतलाच भाग.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. अक्काबद्दल वाईट लिहायला मला काही सापडणार नाही, तेव्हा या लेखात जे वाईट येईल ते माझं समजावं.

चकलांब्याच्या शिवारात आमची वस्ती आणि मोसंबीची बाग. मी या घरात आले तेव्हा अक्काला येऊन दहा वर्षं झाली होती. तोंडावर मी तिला जन्मभर अहोजाहो केलं, कारण तशी रीत. मनात मात्र ती कायम 'अगं'च होती, म्हणून इथंही तसंच लिहिते. ती शाळेत गेलेली नव्हती आणि मी दहावी पास. हा फरक तिच्या ध्यानात असायचा की नाही ठाऊक नाही, माझ्या मात्र दिवसरात्र असायचा. तेव्हाची शकुंतला, म्हणजे मीच, आज मला एसटीत भेटली तर मी तिच्या शेजारी बसणार नाही, उभी राहून जाईन. केसांना चाप, काखेत वही आणि गाय व्याली तरी हिचं आपलं, "शास्त्र असं सांगतं की…" गायीला शास्त्र कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

सासऱ्यांनी लावलेल्या बागेला डिंक्या लागला होता. खोडातून डिंक पाझरायचा, पानं पिवळी पडायची, खाली मुळं कुजायची आणि झाड उभ्या उभ्या वाळून जायचं. बघता बघता विहिरीकडचा सगळा तुकडा उजाड झाला. झाडं उपटून काढली आणि त्याच जागी नवी कलमं लावायचं घरात ठरलं. अक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "जिमीन आजारी हाय. तिला साल-दोन साल पडू द्या. ताग पेरू, मोहरी पेरू, फुलावर आली की गाडू. मोहरीच्या उग्र वासानं मातीतली कीड मरती, माझा आजा असंच करायचा. उन्हाळ्यात नांगरून उनात तापवू. मग लावा काय लावायचं ते." मी तेव्हा नुकतीच तालुक्याला फळबागेचं तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. शिबिरात जमीन निर्जंतुक करायचं औषध सांगितलं होतं, फॉर्मलीन. खड्ड्यात ओतायचं, वर प्लास्टिक झाकायचं, आतल्या आत वायू कोंडतो आणि रोगाचं बी मरतं. एवढं मोठं औषध वहीत असताना मी कशाला ऐकते. म्हणाले, "अक्का, जमिनीला मोहरीची फोडणी द्यायची का मग?" थोरले दीर, त्यांना सगळे दादा म्हणायचे, ते हसले. आमचे हे हसले. दोन साल थांबण्यापेक्षा दोन आठवडे थांबणं कुणालाही गोड लागणारच. फोडणी माझी आणि औषधही माझंच ठरलं.

खड्डे भरताना आमच्या सगळ्यांचे डोळे चुरचुरले. नाकाला फडकी बांधली होती तरी घसा धरला. प्लास्टिक काढलं त्या दिवशी अक्का एका खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली आणि बराच वेळ आत बघत राहिली. खड्ड्याच्या भिंतीत मेलेली गांडुळं होती, पांढरी पडलेली, सुतळीच्या तुकड्यांसारखी. "हेबी आजारीच हुती का गं, शकू?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "अक्का, ऑपरेशन केल्यावर रक्त येतंच." काय पण डॉक्टरीण.

शिबिरातल्या साहेबांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. वायू मातीतून पूर्ण निघून गेल्याशिवाय रोप लावायचं नाही, नाहीतर मुळं भाजतात. तो गेला की नाही हे ओळखायची सोपी रीत म्हणजे हाळीव. होय, बाळंतिणीच्या लाडवातलंच. खड्ड्याच्या तळाची माती काचेच्या बरणीत अर्धी भरायची, वर ओल्या फडक्यात हाळिवाचे दाणे टांगायचे आणि झाकण घट्ट लावायचं. मातीत वायू असेल तर दाणे नुसते बुळबुळीत होऊन कुजतात. नसेल तर दोन दिवसांत पांढरे कोंब फुटतात. मला हे काम कंटाळवाणं वाटलं, म्हणून मी ते अक्काच्या गळ्यात मारलं. पण तिनं ते असं उचललं की मी बघत राहिले. माझ्या लोणच्याच्या दोन बरण्या तिनं चुलीच्या राखेनं घासून घेतल्या. एकीत खड्ड्यातली माती घातली आणि तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला. दुसरीत औषध न लागलेली बांधावरची माती घातली, ताडून बघायला. हे दुसऱ्या बरणीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. ज्या अक्काला आम्ही 'फोडणी' म्हणून हसलो होतो, तिनं माझं शास्त्र माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. रोज उठल्यावर ती बरणी उजेडात धरायची. बांधाच्या बरणीत दोन दिवसांत कोंबांचं रान माजलं. लाल दोऱ्याच्या बरणीत चिकट गोळा.

"अजून न्हाई," अक्का म्हणायची. जुने दाणे काढून नवी माती, नवे दाणे. परत, "अजून न्हाई."

वहीत लिहिलेले दिवस भरले होते. पण त्या साली आभाळ सारखं दाटलेलं, माती गार आणि ओली. अशा मातीत वायू जास्त दिवस अडकून राहतो, हे मला पुढं कळलं. वहीत ते नव्हतं, किंवा त्या तासाला मी शेजारणीशी बोलत असेन. तेव्हा मला दिसत होतं एवढंच की कलमं येऊन लिंबाखाली पडलीत, आणि शुक्रवार जवळ येतोय. शुक्रवारचं असं, की मी गावात साऱ्यांना सांगून ठेवलं होतं. महिला मंडळाच्या बायांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं, साहेबांच्या बायकोच्या हातून पहिलं कलम लावायचं ठरवलं होतं, आणि जांभळी नारायणपेठ इस्त्री करून खुंटीला टांगली होती. बागेपेक्षा मला त्या साडीची घाई होती. हे लिहिताना हसू येतं, पण ते हसू पोटात जाऊन बसतं.

मंगळवारी दुपारी पुरुष माणसं बाजारला गेली होती, अक्का गोठ्यात होती. मी लाल दोऱ्याची बरणी उचलली, आतली माती न्हाणीमागं ओतली, बांधावरून नवी माती आणून भरली, ताजे दाणे फडक्यात बांधले आणि बरणी होती तिथं ठेवली. सगळा मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. मला अपराध बिपराध काही वाटला नाही. मजा वाटली. लहानपणी मास्तरांचा खडू लपवताना वाटायची तसली.

गुरुवारी सकाळी अक्का बरणी घेऊन पडवीत धावत आली. तिला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दादांसमोर ती एरवी मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी तिनं बरणी त्यांच्या हातात दिली. "उगवलं. बघा तरी… कोंब बघा. मोकळी झाली जिमीन. लावा आता." दादांनी बरणी उजेडात धरली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू म्हनतीस तर लावू." नवऱ्यानं चार माणसांत आपला शब्द मानला, हे तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच होत होतं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मी तेव्हा तो बघून मनात म्हणाले होते, बघ, तुझंपण भलंच झालं की.

शुक्रवार थाटात झाला. साडीचं कौतुक झालं.

महिन्याभरात कलमांची पानं कडेनं करपू लागली. नवी फूट येईना. साहेब आले, एक कलम उपटून बघितलं, मुळांची टोकं तपकिरी, भाजल्यासारखी. "वायू जायच्या आत लावलीत. हाळीव बघितलं नव्हतं का?" अक्का पुढं झाली. "बघितलं हुतं, साहेब. उगवलं हुतं. माझ्या डोळ्यानं बघितलं." साहेब भले गृहस्थ, एवढंच म्हणाले, "मग बरणीतच काहीतरी चुकलं असणार." सगळे अक्काकडं बघत होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोललेही. पण काय बोलले, तर, "अक्काची बरणी दयाळू हाय, साहेब, काहीबी उगवती." लोक हसले आणि सुटका झाली, माझी. त्या रात्रीच्या जेवणात दादा म्हणाले, "हाळीव बाळंतिणीला घालत्यात. त्याला इचारून बागा लावत न्हाईत." पुढं ते वाक्य त्यांनी मरेपर्यंत म्हटलं. आणि 'बरणी काय म्हणती' ही आमच्या घराची म्हण झाली. पाऊस येईल का, पाहुणे किती वाजता पोचतील, कुणी काही विचारलं की कुणीतरी म्हणणार, "अक्काला इचारा, बरणी काय म्हणती." पोरं मोठी झाली, त्यांची पोरं झाली, ती तिला बरणीआज्जी म्हणायची. म्हणीचं मूळ माझ्या त्या 'दयाळू बरणी'त, हे कुणाच्या ध्यानातही नाही.

एकदाच तिनं मला विचारलं. साहेब येऊन गेल्यावर चार-आठ दिवसांनी आम्ही दोघी धुणं धूत होतो. ती पिळलेलं धोतर झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "शकू, तू बरणीला हात लावलातास का?"

"मी कावून लावू?" मी म्हणाले.

"न्हाई, आपलं इचारलं." आणि तिनं धोतर वाळत टाकलं.

तिला कळलं होतं का? मला सांगता येत नाही. तिनं परत कधी विषय काढला नाही. बरण्या स्वच्छ धुऊन माझ्या फळीवर आणून ठेवल्या. फक्त त्यानंतर शेताबद्दल कुणी काही विचारलं, आणि विचारायचे ते चेष्टेनंच, तर म्हणायची, "मला काय कळतंय." ही बाई पेरणीआधी जमिनीवर अनवाणी चालून ओल सांगायची. तिचा सगळा अभ्यास त्या तीन शब्दांत गेला.

विहिरीकडच्या तुकड्यातली निम्म्याहून जास्त कलमं मेली. त्या जागी परत लावली, ती जगली, पण बुटकी राहिली. आणि चार-पाच वर्षांत डिंक्या परत आला, आधीपेक्षा जोरात. साहेबांची बदली व्हायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं, औषधानं रोग मारला होता ना, मग? ते म्हणाले, "बाई, औषध भलं-बुरं ओळखत नाही. मुळं कुजवणारी बुरशी मेली, तशी तिला धाकात ठेवणारीही मेली. मुळांना खाऊपिऊ घालणारी मेली. गाव ओसाड झालं की माणसं परतायच्या आधी चोर शिरतात, तसं हे." म्हणजे मी बरणीतली माती बदलली नसती, कलमं वेळेवर लागली असती, तरी ती जमीन पुढं आजारी पडलीच असती. या विचाराचा मी पुष्कळ वर्षं उशीसारखा उपयोग केला… आपण थोडंच केलं, सगळं औषधानं केलं. पण अक्काचा शब्द औषधानं नव्हता मारला.

अक्का मात्र त्या तुकड्यात जातच राहिली. न बोलता. झाडांच्या ओळींमध्ये ताग टोचायची, मोहरी मुठीनं फेकायची, ती गाडायची. पालापाचोळा डोक्यावर वाहून झाडांखाली पसरायची. शेणकाला ओतायची. आम्ही म्हणायचो, म्हातारीला विरंगुळा. पुष्कळ वर्षांनी एका पावसाळ्यात तिथं पहिल्यांदा भुईछत्र्या उगवल्या, आणि सकाळी झाडांखाली गांडुळांनी वर आणलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसू लागल्या. ते तिनं कुणाला दाखवलं नाही. मला दिसलं, पण मीही कुणाला दाखवलं नाही.

आता तिच्या शेवटच्या दिवसांचं. दादा गेले, आमचे हे गेले, शेती अक्काचा मुलगा बाळू बघतो. विहिरीकडची म्हातारी झाडं काढून नवी मोसंबी लावायचं त्यानं या उन्हाळ्यात ठरवलं. दुकानदारानं ठिबकच्या नळीतून सोडायचं नव्या नावाचं औषध सांगितलं, वर प्लास्टिक. प्लास्टिकचा रोल येऊन पडवीत पडला. अक्का बाजेवर होती, दम लागायचा. मी घाटनांदूरला निघाले त्या दिवशी तिनं बाळूला जवळ बोलावलं. "बाळू, औषध सोडू नकू. लई वर्सांनी भरलीय ती जिमीन. आत लई जीव हाय आता. जरा थांब." बाळू काही वाईट मुलगा नाही. हातात मोबाइल होता, हसत म्हणाला, "का गं आई, बरणी काय म्हणती?" मी पायथ्याशी बसले होते. मी हसले. सवयीनं. अक्कानं माझ्याकडं बघितलं, आणि मग भिंतीकडं तोंड केलं. ती आमची शेवटची भेट.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. दोन दिवसांनी बाळू ठिबकच्या नळ्या तपासायला निघाला तेव्हा मी त्याला पडवीत थांबवलं. मंदा भाजी निवडत होती. मी म्हणाले, "बस. तुझ्या आईची बरणी खोटं बोलली न्हवती. मी माती बदलली हुती." आणि सगळं सांगितलं, साडीसकट. वाटलं होतं तो ओरडेल. तो प्लास्टिकच्या रोलवर बसून राहिला. मंदाचे हात थांबले होते.

"काकू," तो म्हणाला, "बाप मरस्तवर बोलला गं तिला."

"हो."

"अन् मीबी."

त्याला सांगावंसं वाटलं की तुझा काय दोष, म्हण मी काढली. पण तेवढंही बोलायचा अधिकार मला उरला नव्हता. तो उठून बागेत गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मी त्याला बोलवलंही नाही. औषधाचे कॅन मात्र गोठ्यात बंदच राहिले.

पाचव्या दिवशी त्यानंच मला हाक मारली, अक्काच्या खोलीतून. "आई म्हनली हुती, जिमीन भरलीय. तिला कसं कळायचं? कशावरनं सांगायची?" मी तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं की मला माहीत नाही. तीस-बत्तीस वर्षं एका घरात राहून, एका चुलीवर भाकरी भाजून, मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की अक्का, तुम्ही काय बघता, कशावरून ओळखता. विचारलं असतं तर बरणीची गोष्ट निघाली असती. तिचा शब्द मी परत दिला, तर तो बोलायला ती नाही.

मंदा दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या खिडकीतली वाटी बघा." खिडकीत एक पितळी वाटी होती, तळाशी वाळून भेगाळलेला गाळ. ती वाटी मी कितीदा बघितली असेल, अक्का चिमण्यांसाठी पाणी ठेवते असं समजायचे. मंदा म्हणाली, "आत्याबाई बागेतलं वाळलेलं ढेकूळ आणून पाण्यात ठेवायच्या. म्हणायच्या, मेलेल्या जमिनीचं ढेकूळ पाणी लागताच ढासळतं, जित्या जमिनीचं धीर धरतं. आजारी पडल्यावर माझ्याकडनं आणवायच्या."

"हे शेवटचं कुठलं हुतं?" बाळूनं विचारलं. "विहिरीकडचं?"

"तेवढं ध्यानात न्हाई हो." मंदाला रडू आलं. "त्या बघत बसायच्या, मी कामाला जायचे."

बाळू गेला आणि दोन ढेकळं घेऊन आला, एक विहिरीकडचं, एक रस्त्याकडच्या पट्ट्यातलं, जिथं कधी कुणी पालाही टाकला नाही. मंदानं दोन वाट्या आणल्या. त्यानं ती हळूच पाण्यात सोडली आणि आम्ही तिघं अक्काच्या बाजेवर बसलो. रस्त्याकडचं बसता बसता विरघळून चिखल झालं. विहिरीकडच्यातून बारीक बुडबुडे आले, एक कड सुटली, बाकीचं उभं राहिलं. तसंच राहिलं. बाळूनं त्यावरची नजर काढली नाही.

"किती वेळ थांबायचं असतं, काकू?"

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणाले. "बस."